हेड बसवणारी बाई

आष्टीत मित्राकडे गेलो होतो, तेव्हा शेजारच्या अंगणात एक बाई जीपच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवत होती. जीप चालवणारा तिचा नवरा हात प्लास्टरमध्ये घेऊन बाजेवर बसला होता. पलीकडच्या गल्लीत नवरदेव याच जीपची वाट पाहत होता.

"जल्दी आवळ की!" नवरा म्हणाला.

तिने मान वर केली नाही. एक बोल्ट थोडासा आवळायचा, मग त्याच्या समोरचा, मग तिरपा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"एकालाच पुरा जोर दिला तर हेड बराबर बसत न्हाई. मंग लगीन रस्त्यातच लागंल."

घाईच्या वेळी इतका शांत हात मी क्वचितच पाहिलाय. शेवटी पाना ठेवून ती स्वतःच स्टिअरिंगवर बसली. इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. नवऱ्याने उठून एका हाताने फाटक उघडलं.