तुरुंगाच्या खिडकीबाहेरची बाई

शाळेला सुट्टी लागली की आमचं वेस्ट विंडसर गाव मॉलकडे धावतं. २००६च्या ऑक्टोबरात आम्ही तुरुंग बघायला निघालो, तोही पुस्तकातला. माझी लेक सई शाळेसाठी संशोधनाचा पेपर लिहीत होती: धर्मापायी कैदेत पडलेले प्रोटेस्टंट हुतात्मे आणि त्यांची लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रं. फिलाडेल्फियाच्या एका लायब्ररीने तिला मोजून एक तास दिला होता, सोबत मोठं माणूस हवं या अटीवर. मोठ्या दोघी गेलो: मी आणि नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

रस्ता तासाभराचा. पार्किंगला अठरा डॉलर, लायब्ररी फुकट. जाणार असाल तर अपॉइंटमेंट आधी घ्या, स्वेटर न्या, पेन्सिलच चालते. थालीपीठं गाडीतच संपवा आणि हात साबणाने धुवा.

पुस्तक स्पंजच्या उशांवर आलं. "बाळंतिणीची बडदास्त आहे गं," आई पुटपुटल्या. चित्रात कैद्याचे पाय लाकडी खोड्यात, तरी गडी पत्र लिहीत बसलेला. आईंनी सवयीने पानाला हात लावला आणि कपाळाला नेला.

लायब्रेरियनबाई ताडकन उठल्या. तासातली वीस मिनिटंही झाली नव्हती. सईचे डोळे भरले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सॉरी, वी डू दॅट टू बुक्स," सई कशीबशी म्हणाली.

बाईंनी पान निरखलं, आईंची खुर्ची दोन हात मागे सरकवली, आणि पुस्तक राहू दिलं. हुश्श.

मागून आईंना अख्खं चित्र दिसलं. "ती खिडकीबाहेरची कोण?"

गजांतून एक बाई गाठोडं आत देत होती. "शी इज जस्ट बॅकग्राउंड, आजी."

"बॅकग्राउंड कसली? डबा आणलाय तिने. बेचाळीसला माझे वडील आत होते, तेव्हा माझी आई न्यायची. मला कडेवर घेऊन."

उरलेला वेळ सईने त्या बाईलाच दिला.

घरी आल्यावर तिने लायब्ररीला ईमेल करून त्या बाईचं नाव विचारलं. दोन दिवसांनी जेवताना उत्तर वाचून दाखवलं: कैद्याचं नाव छापलंय, तिचं नाही.

"माझ्या आईचं तरी कुठे छापलंय," आई म्हणाल्या.

सई पेन्सिल घेऊन आली. "व्हॉट वॉज हर नेम, आजी?"

अठरा वर्षं मी या घरात आहे. मी कधी विचारलं नव्हतं.

"माहेरचं सांगू की सासरचं?"

"बोथ."

सासरचं लगेच आलं, लक्ष्मी. माहेरच्या नावाशी आई अडल्या. मग फोनचं कॉलिंग कार्ड काढून त्यांनी नागपूरला थोरल्या भावाला झोपेतून उठवलं. त्यांनाही जरा वेळ लागला.

"कृष्णा," ते म्हणाले.

सईने पेपरच्या पहिल्या पानावर दोन्ही नावं लिहिली.