चवीचा प्रश्न वहीत नव्हता

प्रफुलचा फोन आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेला असतो. तो गेल्यावर हे म्हणाले होते, "चार्जिंग करून ठेवत जा, कोनाचा कामाचा फोन आला तर." म्हणून मी तो रोज चार्जिंगला लावते, पण वाजला तर उचलत नाही. मला फोनवर बोलायची भीती वाटते. तो वारल्यानंतरचा जलदानाचा विधी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. हे सकाळच्या पाळीला खाणीत गेले होते, मी तांदूळ निवडत बसले होते, आणि फोन वाजला. बंद झाला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पदराला हात पुसून उचलला. नागपूरला ज्या ऑफिसातून प्रफुल व्हिसाचं काम करून घेत होता, तिथली मुलगी होती. आवाज फार आनंदी होता. "मॅडम, प्रफुल सर आहेत का? त्यांना सांगा, असेसमेंटचा निकाल आला. पास झाले ते. ऑस्ट्रेलियानं त्यांना शेफ मानलं!" ती म्हणाली, "ऐकताय ना?" मी म्हटलं, "हाव." "सांगाल ना त्यांना?" मी पुन्हा म्हटलं, "हाव..." फोन ठेवून मी परत सुपाशी बसले. तांदूळ कोणता आणि खडा कोणता, मला बराच वेळ दिसेना.

प्रफुल माझा धाकटा दीर. नात्यानं भाऊजी म्हणायला हवं, पण मी लग्न होऊन चिखल्याच्या या खाण कॉलनीत आले तेव्हा तो सातवीत होता, म्हणून मी त्याला नावानंच हाक मारायची. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, सावकाश लिहिता येतं. ही वही त्याचीच आहे. अर्धी त्यानं भरली होती, उरलेल्या पानांवर मी लिहिते आहे. जे मी कोणाजवळ बोलले नाही ते लिहावं असं वाटलं. बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नाही, आता लिहून काय होणार, तेही मला कळत नाही.

लहानपणी तो शाळेतून आला की दप्तर फेकून माझ्याजवळ येऊन बसायचा. भाकर फुगताना बघायचा. आठवीत असताना त्यानं पहिल्यांदा वांग्याची भाजी केली, आणि सासूबाई ती खाऊन म्हणाल्या, "का रे बावा, पोरगी व्हाची होती का तू?" तो म्हणाला, "पोरगी असतो तं यासाठी पगार कोनं देला असता, माय?" सासूबाई कितीतरी दिवस हे कॉलनीभर सांगत होत्या. बारावीनंतर तो भंडाऱ्याजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर लागला. भांडी घासता घासता तंदुरीवर गेला, तिथून नागपूरच्या हॉटेलात. पांढरा कोट आणि उंच टोपी घातलेला फोटो त्यानं पाठवला, तेव्हा सासूबाई होत्या अजून. त्यांना वाटलं, पोरगा डॉक्टर झाला.

मग दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाचं निघालं. मला वाटलं, तिकडे नोकरी लागली असेल. तो म्हणाला, नोकरी नाही, ही नोकरीच्या आधीची परीक्षा. "मी आचारी आहो, हे पयले साबित करा लागते, वहिनी." मी म्हटलं, "दहा-बारा वर्सं झाली रांधून राहिला तू. अजून का साबित कराचं?" तो म्हणाला, "कागदावर. चुलीवरचं नाई मोजत ते." कुठे कुठे काम केलं, आठवड्यात किती तास केलं, काय काय रांधलं, प्रत्येक मालकाकडून हे सगळं लिहून आणायचं होतं. ढाब्याच्या मालकानं बिचाऱ्यानं बिलाच्या कागदावर लिहून दिलं, 'मुलगा प्रामाणिक आहे. व्यसन नाही. मोठ्यांचा मान ठेवतो.' ऑफिसातल्या मुलीनं ते परत पाठवलं. पद काय होतं ते लिहा म्हणाली. मालक म्हणाला, "पद कायचं गा? मी तं याले 'ए पोट्ट्या' म्हनत होतो." आम्ही फार हसलो. पण त्या कागदासाठी प्रफुल चार वेळा त्या ढाब्यावर गेला.

कागद झाले की पुढे तोंडी प्रश्न आणि करून दाखवायची परीक्षा, दोन्ही फोनवर चित्र बघून. तिकडची बाई तिकडूनच बघणार. त्याची तयारी करायला तो सुट्टीत घरी आला आणि या वहीत त्यानं प्रश्न मराठीत लिहून काढले, मला वाचता यावेत म्हणून मोठ्या अक्षरात. मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, तो कांदा कापत उत्तर द्यायचा. "कच्चं चिकन कापायचं कोणत्या रंगाच्या पाटीवर?" "लाल." "भाजी?" "हिरवी." "शिजलेलं किती गरम ठेवायचं?" "साठच्या वर." "थंड ठेवायचं ते?" "पाचच्या खाली." मी चुकीचं उत्तर ऐकून पुढे गेले की तो लाटणं हिसकायचा. "मास्तरीन बाई, चुकलो ना मी! मारा ना!" आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी मास्तरीण म्हटलं.

पण त्याच सुट्टीत मला ती दुसरी गोष्ट कळली. दूध गॅसवर होतं, मी अंगणात होते. घरात करपल्याचा वास इतका भरला होता की मी धावत आले, तर प्रफुल गॅसच्या शेजारीच, पाठ करून, वही वाचत उभा. दूध खाली लागून काळं झालेलं. मी म्हटलं, "अरे, वास नाई आला तुले?" तो पातेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, थंडीत सर्दी झाली होती, तेव्हापासून वास येत नाही. चार महिने झाले. "मीठ, तिखट, आंबट जिभेले समजते. बाकी सारं कागद खाल्ल्यासारखं लागते." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, येईल परत, सर्दीनं होतं असं. आणि लगेच म्हणाला, "दादाले सांगू नोका. कोनालेच सांगू नोका. पुढं मेडिकल असते. ज्याले नाकच नाई असा आचारी कोन घेईन?"

मी म्हटलं, "नाई सांगत." न बोलण्याची मला सवयच आहे, त्यात मला काही अवघड गेलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. या घरात मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. आता तो फोडणी टाकली की वळून बघायचा. त्यानंच खुणा ठरवल्या. एक बोट म्हणजे अजून कच्चं आहे. मूठ म्हणजे झालं. उघडा पंजा म्हणजे उतरव, करपतंय. शब्द नको होते, म्हणून मला ते फार सोपं गेलं. हॉटेलात कसं करतोस, असं मी विचारलं तर म्हणाला, रंग बघतो, घड्याळ बघतो, हाताला आठवतं.

करून दाखवायच्या परीक्षेसाठी त्यानं भंडाऱ्याला ओळखीच्या एका खानावळीचं स्वयंपाकघर दिवसभरासाठी मागून घेतलं. मी त्याच्याबरोबर एसटीनं गेले. घरी सांगितलं की पितळेचा गंज घ्यायचा आहे, भाजीचं मोठं पातेलं. फोन एका काठीला लावला होता आणि मी फोनच्या मागे, कांद्याच्या पोत्यावर बसले. बाईला मी दिसत नव्हते. तिचा आवाज मात्र माझ्याच समोरून यायचा, इंग्रजी, मधूनमधून प्रफुल हसून उत्तर द्यायचा. त्याला एक सूप, कोंबडी आणि तिच्यावरचा लोण्याचा रस्सा करायचा होता. लोणी वितळलं, लसूण पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं. एक बोट. परत बघितलं. एक बोट. लसूण क्षणात करपतो. मग मी मूठ वळली आणि त्यानं लगेच कढई उचलली. इतक्या वर्षांत मी इतकं मोठं काम केलं नव्हतं.

दोन-अडीच तासांनी बाई काहीतरी बोलली, "थँक यू" म्हणाली आणि फोनवरून गेली. मी विचारलं, "चव कशी झाली, इचारलं का तिनं?" तो कोट काढत होता. म्हणाला, "नाई. कसं इचारीन? तिले का दिसते चव? हात धुतले का, पाटी बदलली का, किती गरम आहे, हेच इचारलं." मग मला आठवलं, वहीतल्या इतक्या प्रश्नांत चवीचा एकही प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "मंग मले कायले आणलं एवढ्या दूर?" तो टेबलावर ताट मांडत होता, खानावळीचे मालक जेवायला बसत होते. तो म्हणाला, "तिले नाई पायजे, मले पायजे. करपलेलं रांधून पास झालो तं मी कोन झालो मंग?" आम्ही तिघं जेवलो. तो भरपूर जेवला, काहीही चव लागत नसताना. येताना बसमध्ये त्यानं मला विचारलं, "खरंच चांगलं झालतं ना, वहिनी?" मी आधी मूठ दाखवली, मग तोंडानंही म्हटलं, "चांगलं झालतं." गंज घ्यायचा राहूनच गेला. यांना मी सांगितलं, भाव पटला नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचं असेल म्हणाला. मग हॉटेलात कामावरच पडला आणि सोबतच्या लोकांनी त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढून झाला होता. डॉक्टरांनी यांना समजावून सांगितलं, नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या खाली एक गाठ आहे, हळूहळू वाढणारी. मी डबा धरून मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले, "यात बरेचदा वास आधी जातो. त्यांना वास येत नव्हता का? तेव्हाच आणलं असतं तर..." तेवढ्यात त्यांना कोणी आत बोलावलं आणि ते गेले. हे म्हणाले, "आमाले कोनालेच सांगतलं नाई त्यानं." मी डबा घट्ट धरला. ऑपरेशन झालं, त्यात रक्तस्राव झाला, आणि तो पुन्हा जागा झाला नाही.

डॉक्टरांचं ते वाक्य पुढे काय होतं, ते मला माहीत नाही. तेव्हाच आणलं असतं तर वाचला असता? की तरीही तेच झालं असतं? मी त्याचं गुपित राखलं की त्याला मारलं, हे मी किती वेळा मनात उलटसुलट केलं. त्यानं विश्वास टाकला म्हणून गप्प राहिले म्हणावं, तर मला विचारणारं कोणी आहे याचा आनंदही त्यात होता. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त खरं, ते समजत नाही. आणि आता वरून हा निकाल. त्याला शेफ मानलं म्हणे. तो शेफ आहे हे मला त्या वांग्याच्या भाजीपासून माहीत होतं. त्यांनी मात्र चव न घेताच मानलं.

त्या दिवशी हे पाळीवरून आले, हातपाय धुतले, आणि मी फोनचं सांगितलं. हे म्हणाले, "पास झाला?" भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "तो नाई म्हनून सांगतलं का त्या पोरीले?" "नाई." "बरं. मी सांगतो." मी ताट वाढलं. भाजी त्या दिवशीही करपली होती. तो गेल्यापासून माझ्याकडून रोज करपते. मला वास येतो, सगळा येतो, पण कोणी वळून बघत नाही तोवर माझा हात हलत नाही. हे एक घास खाऊन थांबले. "का होऊन राहिलं तुले? पंधरा दिवस झाले, रोज जळलेलं." तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याले वास येत नव्हता. मले मालूम होतं. थंडीपासून मालूम होतं."

यांचा घास हातातच राहिला. मग इतकंच विचारलं, "मंग फोडनी कशी समजे त्याले?" मी म्हटलं, "मी सांगत होती." "कशी?" मी बोट दाखवलं, मूठ दाखवली, पंजा दाखवला. माझ्या हाताकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली मान घालून जेवले. करपलेली भाजी सगळी संपवली, ताट उचललं, धुतलं आणि बाहेर गेले. माझ्यावर रागावले असते तर निदान त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं असतं.

नंतर त्यांनी त्या मुलीला फोन केला. तरी निकालाचा कागद घरी येणार आहे, त्यावर प्रफुलचं नाव असेल. तो कुठे ठेवायचा, हे आमचं ठरलं नाही.

आता मी फोडणी टाकली की वास घेते, आणि झालं असं वाटलं की डावा हात आपोआप वर येतो, मूठ वळलेली. समोर फळीवर फक्त त्याचा फोन असतो. मग मी गॅस बंद करते. चार दिवस झाले, भाजी करपली नाही. हे जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी माझ्या हाताकडे बघतात. त्या बघण्यात राग आहे, की विचारणं आहे, मला समजत नाही. मी मूठ दाखवते. मग ते जेवतात.