फाटकावरची बादली

सासरे सशांचं खाणं स्वतःच खातात की काय, ही शंका गेझीनाच्या डोक्यात शिरली ती त्यांच्या फ्रिजमुळे. ती गेली होती बाळाचं उकडलेलं गाजर थंड ठेवायला. दार उघडलं तर आत लोणी नाही, चीज नाही, सॉसेज तर नाहीच. होता तो नुसता पाला. नवलकोलाची पानं, गाजरांचे शेंडे, कोबीचे बाहेरचे जाड पापुद्रे, आणि सगळ्यात खाली दगडासारखे पाव. त्यात आदल्याच रविवारी तिने पाहिलं होतं की सासऱ्यांनी, म्हणजे एगॉनबाबांनी, कमरेचा पट्टा आणखी आवळता यावा म्हणून त्याला खिळ्याने एक नवं भोक पाडलंय.

तिने नवऱ्याला सांगितलं. "बाबांना साठवायची खोड आहे," असं म्हणून तो पुन्हा फुटबॉलकडे वळला. पण गेझीनाला भांडी घासताना, फ्रीडाचे लंगोट बदलताना एकच चित्र दिसायचं: हेर्ने शहरातल्या त्या स्वच्छ स्वयंपाकघरात म्हातारा माणूस एकटा बसून कोबीचं पान चघळतोय. पेन्शन पुरत नाही, की डोकं ठिकाणावर नाही? दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे नव्हते.

एगॉनबाबांनी आयुष्यभर ट्राम चालवली. त्यांची ख्याती एवढीच, की धावत येणारा प्रवासी दिसला की ते बंद केलेलं दार पुन्हा उघडायचे. तेवढ्यात त्याच्या मागून धावणारा दिसायचा. मग त्याच्या मागची पिशवीवाली आजी. त्यांची ट्राम वेळेवर आली असा आळ त्यांच्यावर कधी कोणी घेतला नाही. साहेब बोलावून झापायचे, की यापुढे असं चालणार नाही. बाबा "हो" म्हणायचे, कारण साहेबांनाही नाही म्हणणं त्यांना जमत नसे. लग्नाचंही इर्मगार्डनेच विचारलं होतं. विचारणारी चांगली निघाली हे नशीब.

निवृत्तीनंतर त्यांनी रेल्वेरुळांपलीकडच्या बागवसाहतीत, जिथे शहरातले लोक भाजी-फुलं लावायला जमीन घेतात, एक तुकडा घेतला, त्यात एक खोपटं आणि सशांचे पिंजरे उभे केले. तिथे ज्याच्याकडे ससे, त्याच्या फाटकावर बादली असते. येता-जाता शेजाऱ्यांनी भाजीची सालं, पाला, उरलासुरला पाव त्यात टाकायचा. बादली न घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. पिंजऱ्यांची रांग होती तोवर बादली दुपारपर्यंत चाटूनपुसून साफ व्हायची. मग इर्मगार्ड गेली, बाबांनी एकेक ससा देऊन टाकला, आणि उरली फक्त हेर्टा नावाची करडी ससीण. बादली मात्र फुगतच गेली. एकट्या पडलेल्या माणसाची लोकांना काळजी वाटत होती, आणि ती दाखवायला लोकांच्या हाताशी कोबीच होता.

यंदा वसंतात, शेजारच्या एका नराच्या कृपेने, हेर्टाला पिल्लं झाली. ती आईच्या अंगच्या लोकरीच्या घरट्यातून नुकती बाहेर पडून जे दिसेल ते कुरतडू लागली होती. तिकडे फ्रीडाचंही वरचं खाणं सुरू झालं होतं, त्यामुळे सासरे-सुनेला बोलायला विषय मिळाला.

"काय देतेस तिला?" बाबांनी विचारलं.

"गाजर. एकच चमचा. दोन-तीन दिवस बघायचं, सोसलं तर मग दुसरं काही."

"बरोबर. पोट नवं असतं. माझ्या पिल्लांना मी सध्या फक्त गवत देतो, वाळलेलं, आणि चिमूटभर दाणा. हिरवं नंतर, तेही एकेक पान." मग त्यांनी विचारलं, "कोबी देत नाहीस ना?"

"बाबा, एवढ्याशा बाळाला कोबी?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या पोटावरून हळूच हात फिरवला.

गेझीनाने तो हात पाहिला. काळजी आणखी वाढली.

उलगडा झाला रविवारी. ती फ्रीडाला घेऊन बागेत आली तेव्हा वसाहतीच्या अध्यक्ष ट्रॉमरबाई काठोकाठ भरलेली बादली घेऊन पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या.

"एगॉन, बाजूला हो. आज मी माझ्या हाताने भरवणार पिल्लांना. इतके दिवस आणून देते, एकाला खाताना पाहिलं नाही."

"ती आत्ताच जेवलीत, हेडविग."

"ससा कधी जेवून बसतो का? सरक."

एगॉनबाबा पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. शेवटी त्यांनी बादलीतलं सर्वांत मोठं कोबीचं पान उचललं, म्हणाले, "आधी मी चव बघतो. कडू नको असायला," आणि ते देठासकट चावू लागले. बराच वेळ चावलं. ट्रॉमरबाई बघत राहिल्या. फ्रीडा तर टक लावून बघत होती.

"गोड आहे," शेवटी ते म्हणाले. "संध्याकाळी देतो."

ट्रॉमरबाई भलत्याच खूश झाल्या. "बघ, म्हटलं नव्हतं? या शनिवारी सगळ्यांनाच आणायला सांगते. पिल्लं वाढायला हवीत."

त्या गेल्यावर गेझीना म्हणाली, "बाबा, हे सगळं तुम्ही खाता?"

"पिल्लांना देता येत नाही. हेर्टालाही नाही, तिच्या पुढ्यातलं पिल्लंच खातात."

"मग खताच्या ढिगावर टाका."

"माझा ढीग हेडविगच्या खिडकीसमोर आहे."

"घरच्या कचऱ्यात?"

"इर्मगार्डच्या घरात खाणं कचऱ्यात गेलेलं नाही कधी." ते बाकावर बसले. "सूप करतो. पहिल्या ताटाला बरं लागतं. ते संपेपर्यंत दुसरं काही आणत नाही. फक्त पोट फुगतं. एकदम इतका पाला सुरू केला ना, त्याने."

"पिल्लांना एकेक पान, आणि तुम्हाला बादली?"

"पिल्लांच्या पोटाकडे लक्ष ठेवायला मी आहे," बाबा म्हणाले आणि लगेच पिंजऱ्याची कडी तपासू लागले, जणू बोलले ते कडीबद्दलच.

गेझीना म्हणाली, "मी बोलते ट्रॉमरबाईंशी."

"नको. मीच सांगेन."

"कधी?"

"पिल्लं मोठी झाली की."

म्हणजे शनिवारी पूर्ण वसाहतीचा कोबी येणार, आणि हा माणूस आभार मानून तो घेणार, आणि पट्ट्याला आणखी एक भोक पाडणार.

घरी येऊन तिने फ्रीडाला खुर्चीत बसवलं आणि नवा पदार्थ म्हणून उकडलेला नवलकोल पुढे केला. फ्रीडाने चमचा पाहिला, ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, आणि तरीही चमचा पाठोपाठ येतोय असं दिसताच हाताने सरळ उडवून लावला. नवलकोल भिंतीवर जाऊन बसला. ना राग, ना संकोच. नको म्हणजे नको.

सासरच्या पावलिक घराण्यात एवढं येणारी ही एकटीच, असं गेझीनाच्या मनात आलं. नवऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. तो बापावर गेला होता. बागेतली मंडळी तिला तशीही शिष्ट म्हणायची, शहरात शिकलेली, पुस्तक बघून पोर वाढवणारी. सासऱ्यांच्या सशांत नाक खुपसणारी, हेही त्यात जोडलं जाईल. जाऊ दे. आणि ट्रॉमरबाईंना आणायचंच असेल काही, तर एगॉनबाबांना बटाट्याचं सॅलड आवडतं, आणि त्यालाही ते नाही म्हणणार नाहीत.

तिने भिंत पुसायची ठेवून दिली, हात पुसले आणि फोन उचलला.