कूलरचं वारं आणि फुप्फुसातलं बीपी

आमच्या शाळेत प्रकटवाचनाची स्पर्धा होती. माझ्या सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि "नदीच्या काठावर" एवढंच वाचून थांबली. मग "एक म्हातारं" म्हणून थांबली. मग "वडाचं झाड होतं." परीक्षक खूश झाले. पोरगी किती समजून वाचते म्हणाले आणि पहिला नंबर देऊन टाकला. मागच्या खुर्चीवर बसलेली मी मात्र ओशाळले. ती हुबेहूब माझ्यासारखं वाचत होती. वर्षभर मी वर्गात धडे असेच तुकडे पाडून वाचले होते, कारण एका दमात मला वाक्य पुरं होत नव्हतं. पोरांना बिचाऱ्यांना वाटलं, मराठी असंच वाचायचं असतं.

मी लातूरला राहते. पन्नाशी जवळ आलेली, वजनही जरा सुटलेलं, त्यामुळे दम लागण्याचं मला काही नवल वाटलं नाही. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर सूचना फलक आहे, तो मी रोज उभी राहून वाचायचे. त्यावर काय लिहिलंय हे शाळेत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. खोकला होताच. संध्याकाळी अंग कसकसायचं, दोन दिवस ताप यायचा. व्हायरल असेल म्हणून गोळ्या घ्यायच्या. मग कुणीतरी दमा म्हणालं, पंप सुरू झाला. त्यानं फार काही फरक पडला नाही.

आता घरातल्या कूलरबद्दल सांगायला हवं. माझे यजमान आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. मूळचे चाकूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. लातूरचा उन्हाळा सोसत नाही म्हणून त्यांनी पत्रा आणून, स्वतः कापून, जोडून एक कूलर बनवला होता. खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर तो असा बसवला होता की गल्लीतून जाणारा माणूस थांबून बघायचा. चालू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं. पाहुण्यांना चहाच्या आधी कूलर दाखवला जायचा.

"बाजारातला असा वारा देत न्हाई," ते म्हणायचे. "हात लावून बघा, बर्फ हाय बर्फ."

वारा गार होता हे खरंच. पण आमच्या भागात नळ येतो आठवड्यातून एकदा, तोही लहर आली तर. टाकीतलं पाणी फेकायला कुणाचा जीव धजणार? कमी झालं की त्यातच वरून भर घालायची. कूलरचं गवत दोन दोन उन्हाळे तेच. ते काळं पडलं होतं, हाताला बुळबुळीत लागायचं, आणि सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं ओल्या मातीसारखा वास यायचा. तो वास आम्हाला आवडायचा, हे विशेष. माझा पलंग बरोबर त्याच्या समोर. घरात मला उकडू नये म्हणून यजमानांनीच तो तिथं सरकवला होता.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला नांदेडला ताईकडे गेले. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आवाज हेडमास्तरणीचा. तिच्या घरी कूलर नाही, कारण कूलरनं सांधे धरतात असं तिचं ठाम मत. आठ दिवसांत माझा खोकला पळाला. ताप नाही, कसकस नाही. मला वाटलं, नांदेडचं पाणी मानवलं. पण जिना काही सुटेना. एकदा भाजी घेऊन वर आले तर ताई दारातच माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, तुझे ओठ निळे दिसून राहिलेत. जांभळं खाल्लीस का?"

"कुठली जांभळं ताई. दम लागला, बस."

तिनं माझी साडी घोट्यापासून जरा वर केली आणि पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ताईनं सरळ यजमानांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं छातीच्या डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो.

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. आधी फोटो काढले, फुंकायच्या नळीत फुंकून घेतलं, मग हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यानंतर बोटाला चिमटा लावून मला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं. यजमानांना बाकावर बसा म्हणून सांगितलं होतं, तरी ते हळूच माझ्या बाजूनं चालायला लागले. नर्सनं त्यांना दोनदा परत बसवलं. मी मध्येच भिंतीला टेकले तेव्हा ते तिसऱ्यांदा उठले.

सगळे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "बीपी खूप वाढलंय."

ताई तडकलीच. "कसं वाढेल? परवाच हिचं बीपी बघितलंय. एकदम नॉर्मल!"

"ते दंडावरचं. मी फुप्फुसातल्या बीपीचं बोलतेय. ते पट्टा बांधून कळत नाही."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. घरात कबुतरं आहेत? पोपट? कोंबड्या? कडबा, भुसा घराजवळ रचलाय? प्रत्येक प्रश्नाला यजमान न्हाई, न्हाई म्हणत होते.

"कूलर?"

"हाव!" यजमान खुर्चीत सरसावून बसले. "मी स्वतः बनवलाय. अठरा इंची पंखा, तीन बाजूंनी गवत, टाकी अशी मोठी की दोन दिवस बघायचं काम न्हाई. हिचा पलंग बरोबर समोर ठेवलाय."

"पाणी कधी बदलता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कमी झालं की वरून भर घालतो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. ओल्या गवतावर बुरशी वाढते, वाऱ्याबरोबर ती छातीत जाते, काहींच्या शरीराला ती अजिबात चालत नाही. मग फुप्फुसं सुजतात, वर्षानुवर्षं चाललं की कडक होतात. त्यांच्यातल्या रक्ताच्या नळ्या आकसतात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त पुढं ढकलायला जोर लावावा लागतो. पायावर सूज आली ती त्यामुळंच. हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं.

"म्हणजे पाइप बारीक झाला," यजमान अगदी हळू म्हणाले, "अन् मोटारीवर लोड आला."

"अगदी तसंच."

बाहेर येऊन आम्ही चहाच्या टपरीवर उभे राहिलो. ताई औषधं घ्यायला गेली होती. यजमानांच्या हातातला चहा तसाच निवत होता.

"लोकाच्या बायका नवऱ्याच्या सिगारेटीनं आजारी पडतात," ते म्हणाले. "मी तुला गार हवा देऊन पाडलं."

"अहो, तुम्हीही त्याच हवेत झोपत होता की."

"मग मला का न्हाई झालं?"

"डॉक्टर काय म्हणाल्या? काहींच्या शरीराला राग येतो. तुमचं शरीर रागवतच नाही. माझं रागवतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तुम्हाला आज कळलं?"

त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे भरले, म्हणून तोंड फिरवून गार चहा एका घोटात प्यायले.

मला नांदेडला ठेवून ते लातूरला परतले. कूलर कापला. पडदे धुतले, गादी बदलली, भिंतीला चुना मारला, गच्चीवरही चुना ओतला म्हणजे घर तापणार नाही. रोज फोनवर कामाचा अहवाल यायचा. मी घरी परतले तेव्हा घराला नव्या शाळेसारखा वास येत होता.

मग औषधांचे दिवस. स्टिरॉइडनं मला अशी भूक लागायची की दोन जेवणांच्या मध्ये तिसरं जेवण व्हायचं. चेहरा गोल झाला. जळकोटच्या नणंदबाई बघायला आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "वैनी, लई छान भरलात. आजारपण मानवलं बघा." शेजारणींनी बीपी म्हटल्यावर माझं मीठ तोडलं. योगायोगानं डॉक्टरांनीही सुजेसाठी तेच सांगितलं होतं, त्यामुळे शेजारणींचा भाव फार वधारला.

ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं; रात्रभर आणि दिवसा घरी असेन तेव्हा ते लावायचं. यजमानांनी त्याला लांब नळी जोडली, इन्व्हर्टर बसवला. पण नळी नाकात असताना गॅसजवळ जायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे स्वयंपाकघर त्यांच्याकडे गेलं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून सूचना द्यायचे, आणि आयटीआयच्या पोरांना ओरडणारा हा माणूस "आता हळद?" म्हणून मला विचारायचा. भाकरी त्यांना जमली नाही. वरण मात्र माझ्यापेक्षा चांगलं करू लागले. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रोज संध्याकाळी चालण्याचा व्यायाम असायचा. आधी ओसरीच्या टोकापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. शाळेनं मला तळमजल्यावरचा वर्ग दिला. पहिल्या दिवशी धडा वाचताना एक लांब वाक्य सबंध वाचून झालं, तेव्हा मीच चमकून पुस्तकाकडे बघितलं.

वर्ष उलटून गेल्यावर पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "दाब उतरलाय. नॉर्मल नाही, पूर्ण होणारही नाही, जे कडक झालंय ते झालंय. पण वाढणं आपण थांबवलंय."

दिवसाचा ऑक्सिजन बंद झाला. रात्रीचा अजून आहे. उन्हाळ्यात उकडतं तेव्हा आम्ही वाळ्याचे पडदे लावत नाही, काही ओलं ठेवत नाही, नुसत्या पंख्याखाली घाम पुसत बसतो.

त्या तपासणीनंतर ताई आम्हाला गोदावरीच्या घाटावर घेऊन गेली. पाणी भरपूर होतं. पायऱ्या बघून यजमान म्हणाले, "वरूनच बघू, वरूनच चांगलं दिसतं." मी काही न बोलता उतरायला लागले. मध्ये एकदा थांबले, कठड्याला धरून श्वास घेतला, पुन्हा उतरले. खाली पाण्यात पाय टाकून बसले तेव्हा ताई वरून ओरडली, "वर कोण चढवणार आहे तुला?"

"मीच," मी म्हटलं. "थोडा वेळ लागेल. तुम्ही शेंगा घेऊन ठेवा."