डोळे मिटून ठेका

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतही आहे. मी देऊळगाव राजाला वाढले. वडील कचेरीत कारकून, घरात कुणी आवाज चढवायचा नाही अशी शिस्त, आणि मी मात्र जन्माची तापट. तरी पोरांच्या अंगावर हात टाकायचा नाही, हे नोकरीला लागले तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं आणि बरीच वर्षं ते पाळलंही. एकदाच हात सुटला. त्या एका चापटीपायी जे आठ दिवस काढले, तशी भीती मला कधी वाटली नव्हती.

धाड गावापासून थोडं आत आमची शाळा. पाचवीपर्यंत वर्ग आणि आम्ही तीन शिक्षक. लहानपणी मी पेटी शिकले होते, एकदोन परीक्षाही दिल्या होत्या. ते कुणाला तरी कळलं आणि संगीताचा तास माझ्या गळ्यात पडला. पण खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. शाळेत पेटी नव्हती, एक ढोलकी होती, तिचीही एक बाजू ढिली. म्हणून सुरुवात तालापासून केली. गणिताची चौकटीची वही असते ना, तीच घेतली. एका चौकटीत एक मात्रा. केरवा तालाच्या आठ चौकटी. पहिलीच्या खाली फुली, ती सम, तिथे टाळी. पाचवीच्या खाली शून्य, तिला म्हणायचं खाली, तिथे टाळी नाही, हात नुसता बाहेर फिरवायचा. सूर लांबवायचा असेल तिथे ऽ असा अवग्रह काढायचा. पोरं त्याला इंग्रजीतला एस म्हणत. म्हणा बाबांनो, काहीही म्हणा, पण त्या चौकटीत तोंड बंद करू नका, असं मी सांगायचे.

तिसरी-चौथी एकत्र बसायची. पोरांना टाळी जमते, खाली जमत नाही. रिकामा हात फिरवला की आपण काहीतरी विसरलो असं त्यांना वाटतं, आणि न राहवून कुणीतरी वाजवतंच. तिसरीतल्या एका मुलीचं मात्र कधी म्हणजे कधी चुकलं नाही. बारीक अंगाची, दोन वेण्यांची, पहिल्या ओळीत बरोबर माझ्यासमोर बसणारी. माझ्याकडे टक लावून बघायची, आणि माझा हात फिरला की तिचा फिरायचा. बोलायची कमी, आणि बोलली तर शब्द जरा जड यायचे. मला वाटायचं, लाजते. ताल कसा ऐकावा ते तिच्याकडून शिका, असं मी सगळ्या वर्गाला सांगायचे. ते आठवलं की अजूनही मान खाली जाते.

गॅदरिंग जवळ आलं. स्टेजवर मी समोर उभी नसणार, तेव्हा पोरांनी माझ्या हाताकडे न बघता ताल धरायला हवा होता. मला पेटी शिकवणारे गुरुजी करायचे तेच मी केलं. डोळे मिटायला लावायचे आणि पेटीच्या लाकडावर दोन बोटांनी ठेका धरायचा, अगदी हळू. जितका ठेका हळू तितका कान जागा होतो, असं ते म्हणत. आणि ऐकतं कोण, नुसती नक्कल करतं कोण, हे त्यात लगेच उघडं पडतं. मी ढोलकी बाजूला ठेवली, टेबलावर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटा म्हणाले.

आधी सगळाच गोंधळ झाला. मग चाचपडत एकेक हात जुळत गेला. तिचेच हात जुळेनात. भलत्याच ठिकाणी टाळी देत होती आणि मधूनच डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होती. मी तिच्यासमोर वाकून सांगितलं, डोळे मिट. दुसऱ्यांदा तेच. बाकीची पोरं खुदखुदायला लागली. जिला मी डोक्यावर घेतलं होतं, तीच नेमकी अशी करत होती. तिसऱ्यांदा तिने डोळे घट्ट मिटले, टाळी द्यायचीच सोडली, आणि हसली. ओठ दाबून, कसनुसं. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. डोक्यात तिडीक गेली आणि हात कधी उठला ते मलाच कळलं नाही. चापट डाव्या कानावर बसली.

ती रडली नाही. कानावर हात धरून थोडा वेळ बसली. मग तिने हात खाली घेतला, डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघितलं आणि एक टाळी दिली, चार मोजून हात बाहेर फिरवला, पुन्हा टाळी दिली. सगळं बरोबर होतं. पण मी ठेका धरलेलाच नव्हता. मी तास तिथेच थांबवला आणि पोरांना पाढे लिहायला लावले.

दुसऱ्या दिवशी ती आली. गालावर काही दिसत नव्हतं, तेव्हा मला जरा बरं वाटलं. वह्या तपासत मी ओळींमधून फिरत होते. तिच्या मागून तिला नावाने हाक मारली. तिने बघितलं नाही. मी जरा मोठ्याने मारली, तरी नाही. शेजारच्या मुलीने तिला कोपर मारलं, तेव्हा ती वळली आणि उभी राहिली. कानाचा पडदा फाटला. मी पोरीला बहिरं केलं. दुसरं काही सुचेचना.

तिथून मी रोज तिची परीक्षा घ्यायला लागले, चोरून. तिच्या पाठीमागे डस्टर पाडायचं. खिडकीजवळ उभं राहून टाळी वाजवायची. डस्टर पडलं की सगळी पोरं दचकायची, आणि सगळी दचकली म्हणून मग तीही वळायची. तरी मी दुसऱ्या दिवशी डस्टर पुन्हा पाडायचे. समोरून विचारलं, कान दुखतो का? ती माझ्या तोंडाकडे बघत नाही म्हणाली. घरी सांगितलंस का? तरीही नाही म्हणाली.

खोटं कशाला बोलू, भीती नुसती तिच्यासाठी नव्हती. मुलांना मारणं गुन्हा आहे, हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. चौकशी होईल, निलंबन होईल, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरेल, देऊळगावला वडिलांच्या कानावर जाईल. कुणाची मोटारसायकल शाळेच्या फाटकाशी थांबली की मी आधी खिडकीआडून कोण ते बघायचे. तिचे वडील कामासाठी जालन्याला असतात, घरी आई आणि आजी. आई शेतात जाताना रोज शाळेवरून जायची, आणि ती दिसली की मी कपाटात काहीतरी शोधायला लागायचे. धाडच्या बाजारात एकदा ती समोरच आली. पोरगी नीट हाय ना साळंत, एवढंच तिने विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हो हो म्हणाले आणि घ्यायचं होतं ते न घेताच जीपमध्ये जाऊन बसले. हिला कळलं आहे, असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी मात्र मी त्यांच्या घरी गेले. म्हणजे धीर आला म्हणून नव्हे, असं रोज रोज भिणं सोसेना म्हणून. तिथेही खरं बोलले नाहीच. पोरगी वर्गात जरा कमी ऐकते असं दिसतं, बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरला दाखवू, मी सोबत येते, असं म्हणाले. आता ही विचारणार, कशी काय कमी ऐकते, कधीपासून? काय उत्तर द्यायचं ते मी वाटेत घोकून ठेवलं होतं. तिने काहीच विचारलं नाही. हातातलं काम टाकलं आणि उद्याच जाऊ म्हणाली. इतक्या लवकर हो म्हणाली, की मी आणखीच घाबरले. डॉक्टरसमोर नेऊन माझ्याच तोंडून वदवून घ्यायचा हिचा बेत आहे, असं मी धरून चालले.

एसटीत आम्ही तिघी एका बाकावर बसलो. पोरगी खिडकीशी, खुशीत. तिची आई पिशवीचे बंद मुठीत धरून बुलढाणा येईपर्यंत समोर बघत होती.

डॉक्टरांनी आधी तिला यंत्रावर ऐकण्याच्या तपासणीला पाठवलं. काचेच्या खोलीत ती कानांवर मोठे हेडफोन लावून बसली. आवाज आला की हात वर करायचा. बाहेर यंत्राशी एक ताई बसल्या होत्या. मी आणि तिची आई मागे उभ्या होतो. ताई बटण दाबायच्या आणि तिचा हात वर जायचा. दर वेळी जायचा. मी मनात म्हटलं, देवा, ऐकू येतंय की हिला. तेवढ्यात ताई थांबल्या, त्यांनी काचेकडे नीट बघितलं आणि यंत्रापुढे एक फाईल उभी केली. ताईंचा हात आड झाला. त्यानंतर त्या बटणं दाबत राहिल्या आणि पोरीचा हात मांडीवरून हललाच नाही. ती काचेतून ताईंच्या खांद्याकडे, मग चेहऱ्याकडे बघत होती, आणि हसली. ओठ दाबून, कसनुसं. तेच हसू. ती थट्टा नव्हतीच. घाबरली की ती अशी हसते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

डॉक्टरांनी कानात उजेड टाकून बघितलं. दोन्ही पडद्यांना भोकं आहेत म्हणाले, आणि जुनी आहेत, वर्षानुवर्षांची. लहानपणी कान वाहायचे का? आई म्हणाली, लई वाह्यचे, आम्ही तेल टाकत होतो. तेलावरून ते तिला बरंच बोलले. मला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. जुनी आहेत, एवढंच डोक्यात होतं. माझ्या जिवात जीव आला. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी पोरीला विसरले, नुसती मी सुटले एवढंच वाटत होतं.

मग डॉक्टर पुन्हा वाकले. डाव्या भोकाची कड ताजी फाटली आहे म्हणाले, रक्त सुकलेलं दिसतंय. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "हिला कानावर कुणी मारलं का?"

बोल, बोल, असं आत कुणीतरी ओरडत होतं आणि तोंड काही उघडेना. तिची आई म्हणाली, "नाही हो साहेब. तिले कोण मारन?" डॉक्टर कागदावर औषधं लिहायला लागले. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, पुढे ऑपरेशन लागेल, तोवर कानाला ऐकण्याचं यंत्र लावता येईल, असं सांगितलं.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो, पोरगी मधे. औषधाच्या चिठ्ठीची घडी घालत, फरशीकडे बघत मी एकदाचं बोलून टाकलं. मी मारलं तिला. आठ दिवस झाले. तुम्ही आत माझ्यासाठी खोटं बोललात, आता मीच जाऊन डॉक्टरांना खरं सांगते. आणि मी उठले. तिने माझं मनगट धरलं.

"बसा मॅडम," ती म्हणाली. तीही फरशीकडेच बघत होती. "मले त्याच दिवशी समजलं. गालावर बोटं उठली होती."

मग बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं.

"कोन्या तोंडानं बोलू? मी तं तिले रोजच मारते. आवाज देल्ला का येत नाही, सांगतलं का करत नाही. मले वाटे, मस्ती करून राह्यली. मी बी कानाखालीच देते. त्या दिवशी साळंतून मार खाऊन आली म्हणून तुमच्या बोटांवरच अजून दोन देल्ल्या." ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ते रगत तुमच्या हातचं का माह्या हातचं, काय सांगू मी डॉक्टरले? आठ दिवस झाले, मले जेवन जाऊन नाही राह्यलं."

आम्ही दोघी माना खाली घालून बसलो होतो. मधे पोरगी कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत होती, आणि दोघींचीही तोंडं खाली असल्यामुळे तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. शेवटी तिने माझी बाही ओढली. "काय म्हणता?"

मी तिच्याकडे वळले, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश सांगितलं, की मी तुला मारलं ते चुकलं. तुझी काहीच चूक नव्हती. मी पुन्हा कधी मारणार नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती, वाक्य पूर्ण होईपर्यंत. मग तिने आईकडे बघितलं. आईची मान तशीच खाली, पदर तोंडावर. थोडा वेळ वाट बघून ती पुन्हा माझ्याकडे वळली.

"मायले बी म्हना ना," ती म्हणाली. "इकडं पाहून बोल म्हना."

मी तिच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने पदर बाजूला करून वर बघायला बराच वेळ लावला, आणि पोरगी तोवर तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.