टोपाआडचा गहिनीनाथ

मेंढरं विकल्यापासून गहिनीनाथला कशातच राम वाटत नव्हता. त्या वर्षी धारूरच्या डोंगरात दुष्काळानं हिरवी काडी ठेवली नव्हती. दूध संघाची निवडणूक लागली, तेव्हा चेअरमन मोहनरावांनी त्याला काम दिलं. तोंड झाकणारा लाल टोप आणि चंदेरी अंगरखा चढवायचा, त्यांच्या प्रचाराच्या पाण्याच्या टँकरवर उभं राहून हात हलवायचा. मजुरी म्हणून रोज दोन घागरी पाणी. वेशातले बूट पायात शिरेनात, म्हणून तो अनवाणीच चढायचा.

टीव्हीवर तेव्हा एक जपानी मालिका हिंदीत लागायची. तिच्यातला टोपवाला वीर म्हणजे पोरांचा जीव की प्राण; गहिनीनाथचा वेश त्याचाच. गहिनीनाथही ती शेजाऱ्याच्या दारात उभा राहून बघायचा. राक्षसाला मारताना त्या वीराच्या हातून एखादं साधं माणूसही मरायचं. मग तो वीर टोप काढून एकटाच बसून राहायचा. ह्याला देव म्हणावं का खुनी, हे गहिनीनाथला उमगत नसे.

एका दुपारी टँकर वस्तीवर न थांबता मोहनरावांच्या मोसंबीच्या बागेकडं वळला. बाया आडव्या आल्या. म्हातारी भामाबाई तर चाकापुढंच बसली.

"पानी सोडल्याबिगर उठत न्हाई!"

ड्रायव्हरनं खालून हाक दिली, "बोल की बे, तुझं ऐकतील."

गहिनीनाथ मालिकेतल्या आवाजात गरजला, "उद्या पानी येनार! माझा शब्द हाय!"

पोरं नाचायला लागली. त्यांनीच हाताला धरून भामाबाईला उठवलं. टँकर बागेत गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. पोरांनी टोपवाल्याला बोल लावला नाही. राक्षसानं वाटेत अडवलं असंल, म्हणाली.

गहिनीनाथची बायको साखराबाई त्या गर्दीत होती.

"तुमचे पाय वळखले मी," ती चुलीपुढून म्हणाली.

"ते मी न्हाई बोललो. सोंग बोललं."

"मंग ह्या घागरी कोनाच्या? सोंगाच्या?"

तिनं एक घागर उचलली आणि भामाबाईकडं नेली. कुणी दिलं, असं म्हातारीनं विचारलं, तर साखराबाई म्हणाली, "टोपवाल्यानं."

मतदानापर्यंत तो टँकरवर उभा राहिलाच. रोजची एक घागर मात्र भामाबाईकडं जात राहिली. मोहनराव निवडून आले. वेश संघाच्या गोदामात टाकून तो घराकडं निघाला, तर वाटेत भामाबाई भेटली.

"गहिनीनाथ, तो टोपवाला दिसला तर सांग त्याला. लई शिव्या दिल्या मी. पन पानी बी पेले."

"सांगतो, आजे," तो म्हणाला. त्याला त्या वीरासारखं एकटंच बसावंसं वाटत होतं, पण तो चालत राहिला.