कुत्र्याला दिलेली द्राक्षं

सासूबाई गेल्या आणि सासरे मळा धाकट्या दिरांकडे सोपवून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. नवरा नोकरीला मालेगावला, शनिवारी यायचा. माझी शाळा, वह्या, स्वयंपाक, बाबांची औषधं. त्या वर्षांतलं मला मुख्य आठवतं ते हे, की उभ्याउभ्या डोळे मिटायचे. बाबांना सोबत म्हणाल तर आमच्या तपकिरी कुत्र्याची. दोघं दिवसभर गॅलरीत.

फेब्रुवारीत मळ्यावरून द्राक्षांचा क्रेट आला. बाबा एक मणी स्वतः खायचे, एक त्याला द्यायचे. मी पाहत होते. बरंच वाटलं, तेवढा वेळ कुणी मला हाक मारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या. बाधलं असेल काहीतरी, म्हणून मी फरशी पुसली आणि शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी तो उठेना, लघवीही होईना. रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"काय खाल्लंय यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोळी, दूध. आणि द्राक्षं."

ते लिहायचे थांबले. "द्राक्षं, मनुका कुत्र्यांना चालत नाहीत, मॅडम. किडनी बंद पडते. आम्हालाही हे अलीकडेच कळलंय."

चार दिवस सलाईन लावलं. पाचव्या दिवशी तो गेला.

वय झालं होतं, असं बाबांना सांगायचं मी रिक्षात ठरवलं होतं. पण त्यांनी दारातच विचारलं, "कशानं गेला?" आणि माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"द्राक्षांनी," मी म्हटलं.

"आपल्या बागेतल्या?"

"कुठल्याही. कुत्र्यांना विषच ते."

"मीच चारली की," ते म्हणाले.

तुम्हाला काय माहीत, बाबा, मलाही कुठं माहीत होतं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हातपाय धुवा, पानं घेते." ते जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस नुसत्या चहावर राहिले.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "धाकट्याला फोन लाव. मळ्यात गळालेले मणी पडतात, कुत्री खातात. त्याला सांग."

मी लावला. दीर हसले. "वहिनी, इथं लय कुत्री खाती. कुणाला काय झालं नाय."

"एखाद्याला होत नाही, एखादा थोड्यानंही जातो, असं डॉक्टर म्हणाले," मी सांगितलं.

"बरं, बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणखी वाद घालायला हवा होता. मी रिसीव्हर खाली ठेवला.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "ऐकलं का त्यानं?"

"हो, ऐकलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि थोडा भात मागितला.